दोन खोक्यांच्या मधली जागा

ये गं, अशी जवळ ये. चष्मा लाव आणि वाच, म्हणजे काकू समोर बसून बोलतेय असंच समज. आधी तुला रागवून घेते, मग बाकीचं सांगते. मागच्या महिन्यात तू गाडी पकडायला दौंड स्टेशनवर आलीस, तासभर बाकावर बसलीस, शेंगदाणे खाल्लेस, आणि पाटसला आपली चुलती राहते हे तुला गाडी सुटल्यावर आठवलं. फोनवर म्हणतेस, "काकू, वेळच नव्हता." अगं, शेंगदाणे खायला होता की! तुझ्या आप्पांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. चुलत्याचं "बरं" कसं असतं ते तुला मी सांगायला नको.

खरं कारण मला कळतं. आमच्याकडे आलं की आप्पा ती कॅसेट लावणार, तुझ्या वडलांचा, आबांचा आवाज निघणार, आणि तुला ते नको असतं. एकदा बोलली होतीस, "मला न्हाई सोसायचं ते." तेव्हापासून मी गप्पच होते. पण ह्या हंगामात आमच्या एवढ्याशा खोलीत जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

कॅसेट कुठली, ते आधी ऐक. तू तेव्हा अंगावर पीत होतीस. घोड नदीच्या काठच्या आपल्या गावात सप्ता बसला होता. देवळात तुझे आबा गायला मधोमध उभे, एका अंगाला टाळकरी, दुसऱ्या अंगाला पखवाज. आप्पांनी साखर कारखान्यातल्या सोबत्याकडून टेप मागून आणली होती, तिला माइक दोनच. एक टाळकऱ्यांपुढं ठेवला, एक पखवाजापुढं. तुझ्या आबांपुढं काहीच नाही. लोक म्हणाले, "आवं, गाणाराला माइक न्हाई, ही कंची रीत?" तर तुझे आबा हसून म्हणाले, "मला कशाला? माझा आवाज तसाबी घोडच्या पल्याड जातोय."

पुढं तू पहिलीत असताना ते गेले. सगळं इतकं झटक्यात झालं की त्यांचा एक धड फोटोसुद्धा कुणाकडं नव्हता. कॅसेट तेवढी राहिली. मग आप्पांनी पुण्याहून दोन उभी लाकडी खोकी आणली, माझ्या खांद्याएवढी उंच. स्पीकर गं. आणि त्यांचा ॲम्प्लिफायर आणि टेप. आता आप्पांचा जीव मोठा. मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी एक खोकं खोलीत ठेवलं आणि दुसरं माझ्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीशेजारी. वर्षभर असं चाललं. मला टाळ ऐकू यायचे, त्यांना पखवाज. मी भाकरी थापता थापता म्हणायची, "भाऊजी लांबून गातात वाटतं." ते आतून म्हणायचे, "लांब कुठला, जवळच हाय." पण त्यांनाही तो जवळ वाटत नव्हता, हे मला मागाहून कळलं.

कारखान्यातला तोच सोबती एकदा जेवायला आला. ही मांडणी बघून तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आप्पा, नवरा-बायकोत वाटणी करायची चीज हाय व्हय ही?" त्यानं खोकं उचलून आणलं, एकाच भिंतीला दोन कोपऱ्यांत दोन ठेवली, मधे कॅलेंडर तेवढं. समोर आप्पांना खुर्चीत बसवलं आणि टेप लावली. मी परात हातात घेऊन दारात उभी.

काय सांगू तुला. तुझे आबा कॅलेंडरपुढं येऊन उभे राहिले.

तिथं काही नव्हतं गं. स्पीकर नाही, वायर नाही, नुसती भिंत. टाळ डावीकडं, पखवाज उजवीकडं, आणि दोन्ही माइकांत सारखाच शिरलेला माणूस मधल्या रिकाम्या जागेत. श्वास घेताना छाती भरते तीसुद्धा कळत होती. आपल्या गावाला साहेब लोक जुन्या काळची वस्ती खणायला यायचे, तेव्हा तुझे आबा घमेली उचलायला जात. एकदा सांगत होते, हातभर माती काढली की खाली चूल निघते, हजारो वर्षांची, जाळ काढून ठेवल्यासारखी. मला त्या दिवशी तसंच वाटलं. वरची माती कुणी काढली कुणाला ठाऊक, पण खाली माणूस होता तसा होता.

आणि माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. पदर घेतला मी. तुमच्या वेळी हे राहिलं नाही, पण आम्ही थोरल्या दिरापुढं उघड्या डोक्यानं कधी गेलो नाही. भाऊजी ओट्यावर आले की मी दाराआड. जन्मात त्यांच्याशी दहा वाक्यं बोलले नसेन. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "अगं, टेप हाय ती." मी म्हटलं, "असू दे." तेव्हापासून तो रिवाजच पडला. टेप लागली की पदर.

आप्पांच्या कानाचं तुला माहीत आहे. ऊस चेपायच्या रोलरपाशी उभं राहून डाव्या कानाचं अर्धं ऐकणं तिथंच राहिलं. म्हणून त्यांची खुर्ची मधोमध नसायची, वीतभर डावीकडं सरकवलेली असायची. डावं खोकं जवळ आलं की दोन्ही कानांचं माप सारखं होतं, असं त्यांचं गणित. रोज सकाळी अंघोळ झाली की कॅसेटची एक बाजू ऐकायची, मग चहा. निवृत्त झाले, केस गेले, हे काही चुकलं नाही.

आता ह्या सालची गोष्ट. तुझा भाऊ, आमचा पोरगा, कुरकुंभच्या कंपनीत आहे, शिफ्टवर. त्याच्या मनात बापाबद्दल माया फार, बोलून दाखवत नाही. आप्पांना टीव्हीतलं बोलणं समजेना. सारखं "काय म्हणला? काय म्हणला?" आवाज वाढवला की पाटसच्या चौकापर्यंत बातम्या. तर ह्यानं ठरवलं, होम थिएटर आणायचं. बोलण्यासाठी त्यात वेगळा स्पीकर असतो, टीव्हीच्या खाली, आप्पांना शब्द न् शब्द कळेल, म्हणाला.

आणि आणायचं तर साजरं करून आणायचं, ही आपली खोड! नवी चीज येणार म्हणून खोली नवी करायला काढली. भिंतींना फरशा लावल्या, खालपासून थेट वरपर्यंत, संगमरवराच्या छापाच्या, तोंड दिसेल अशा. ज्वारीची पोती मागच्या शेडात गेली. माझ्या गोधड्यांची चवड, जी चाळीस वर्षं त्या खोलीच्या कोपऱ्यात होती, तीही गेली. सून म्हणाली, "आत्या, पिच्चर बघायला पाहुणे येणार, त्यांच्यापुढं वाकळांचा ढीग बरा दिसतो का?" मलाही पटलं. मीच उचलून दिल्या. आप्पांची दोन खोकीही शेडात गेली, त्यांना अंथरूण करून पोत्यांवर ठेवलं मी.

दौंडचा फिटर येऊन पाच छोटे स्पीकर लावून गेला. एक टीव्हीखाली, चार छताला कोपऱ्यात टांगलेले, उंदरांनी वायर खाऊ नये म्हणून. आणि जमिनीवर एक ठोकळा, तो वूफर. त्याच्यावर मी हळदीकुंकू वाहिलं, तर सून म्हणे, "आत्या, त्याच्या भोकात जाईल!"

पहिल्या दिवशी सिनेमा लावला. आप्पा बसले, मी बसले. मधेच मागून टापा आल्या, धडधड धडधड, आणि जमीन हलली. मला वाटलं गोठ्यातली म्हैस सुटली. मी पदर खोचून, काठी घेऊन, अंगणात. म्हैस बिचारी रवंथ करत बसलेली. परत आले तर सून हसून हसून भिंतीला टेकलेली आणि आप्पा म्हणतात, "घोडी होती ती. सिनेमातली." अगं, पण काय ते सांगावं! घोडी माझ्या पाठीमागून आली, डोक्यावरून गेली आणि पडद्यात शिरली. मी तीनदा मागं लावायला सांगितलं. आणि आप्पांना बोलणं समजत होतं. एका ठिकाणी ते आपण होऊन हसले, कुणाला न विचारता. तुझ्या भावानं ते पाहिलं आणि उगीच पाणी प्यायला उठला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट. तुझ्या भावानं जुनी टेप नव्या यंत्राला जोडली. "आता ऐका आप्पा. दोन स्पीकरवर ऐकत होता, आता पाच."

टेप लागली, आणि तुझे आबा माझ्या पाठीमागून गायला लागले. मी पदर घेऊन मागं वळले, तर ते छताच्या कोपऱ्यात. तिकडं वळले, तर टीव्हीच्या खालून. घरभर दीर आणि पदर एकच! मी गरगर फिरतेय आणि सून पाहतेय. मला हसू आलं होतं, तेवढ्यात आप्पांच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि हसू मावळलं.

"दादा न्हाई हितं," ते म्हणाले. "उठून गेला."

"आप्पा, चारी बाजूंनी येतोय की आवाज. आजून काय पाह्यजे?"

"पाऊस येतो चारी बाजूंनी. माणूस एका जागी उभं ऱ्हातं."

पोराचं तोंड पडलं. तरी त्यानं हट्ट केला नाही गं. संध्याकाळी कंपनीतून आला तो तसाच शेडात गेला, जुनी दोन खोकी उचलून आणली, जुना ॲम्प्लिफायर आणला, पूर्वीच्याच कोपऱ्यांत सगळं पूर्वीसारखं मांडलं. आप्पांची खुर्ची वीतभर डावीकडं. "आता?"

टेप लागली. यंत्र तेच, खोकी तीच, कॅसेट तीच. आणि तुझे आबा नव्हते. आवाज होता, पण भिंतीवरून घसरत होता. टाळ तर कानाला टोचत होते. कुठं पाहून पदर घ्यावा मला कळेना.

 दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी टेप लावणं सोडलं. अंघोळ, चहा, आणि ओट्यावर जाऊन बसणं. एक दिवस म्हणाले, "मेथीचं बी आणतो दौंडावनं," आणि परत आले ते हात हलवत. मी म्हटलं, "बी कुठंय?" तर सदरा काढून खुंटीला अडकवला आणि ओट्यावर गेले. सदरा धुवायला घेतला तर खिशात दवाखान्याचा कागद. मी ओट्यावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

"कान दाखवून आलात?"

"व्हय."

"काय म्हणला डॉक्टर?"

"हाय तसाच हाय म्हणला. उजवा बरा, डावा अर्धा." उजव्या कानाला हात लावला. "मला वाटलं उजवाबी गेला. गेला आसता तर बरं झालं आसतं. कान बिघडला म्हणता आलं आसतं. आता दादाच गेला म्हणायचा, दुसऱ्यांदा."

त्या माणसाला मी इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. तुझा भाऊ दाराशी होता, त्यानंही ऐकलं. आत जाऊन म्हणाला, "आई, मी हे सगळं काढून परत देतो. एका म्यानात दोन तलवारी न्हाई राहायच्या." मी म्हटलं, "थांब जरा, घोडी कुठं जातील मग?" म्हणजे मलाही लोभ सुटला होताच.

असे पंधरा-वीस दिवस गेले. गाळप जोरात होतं. एक दिवस ऊन चांगलं म्हणून मी शेडातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर आणि कुंपणावर वाळत घातल्या. आणि दुपारी वारा फिरला. वारा कारखान्याकडून आला की काय होतं ते पाटसच्या बाईला सांगावं लागत नाही. चिमणीची काजळी! काळे काळे तुकडे, पिसासारखे, तरंगत यायला लागले. मी आणि सुनेनं धावत गोधड्या गोळा केल्या. शेड लांब, खोली जवळ. जिथं जागा दिसेल तिथं टाकल्या. सोफ्यावर, खिडकीच्या गजावर, आप्पांच्या खुर्चीवर, जमिनीवर. मागच्या भिंतीशी छातीएवढी चवड झाली.

धाप लागली म्हणून मी मधेच बसले आणि म्हटलं, "बाई गं, दमले." आणि दचकले. माझा आवाज माझ्याजवळच राहिला. फरशा लागल्यापासून त्या खोलीत शिंकलं तरी विहिरीत शिंकल्यासारखं व्हायचं, आम्ही त्याची सवय करून घेतली होती. आता विहीर नव्हती. मी पुन्हा बोलले, "दमले." सून म्हणाली, "ऐकलं की आत्या, पाणी आणते."

मी म्हटलं, "पाणी राहू दे. टेप लाव."

आप्पा ओट्यावरून उठून आले. त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. दारातच उभे राहिले. टाळ वाजले, डावीकडं. पखवाज, उजवीकडं. आणि मग मधे, टीव्हीच्या काळ्या काचेपुढं, एक माणूस छाती भरून उभा राहिला.

माझा पदर कधी डोक्यावर गेला मला कळलंच नाही. आप्पांनी टीव्हीकडं पाहिलंच नाही, ते माझ्याकडं पाहत होते. माझ्या हाताकडं. त्यांच्या अर्ध्या कानाला जे नक्की कळत नव्हतं, ते त्यांनी माझ्या पदरावरून वाचलं. सून गोधड्या उचलायला गेली तर ओरडले, "हलवू नको! एक बी हलवू नको!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं ती चवड आणि ती पोती तिथं उगीच नव्हती. खोलीचा सगळा गोंगाट गिळून ती गप्प बसली होती, आणि आम्ही तिला अडगळ समजलो. मऊ चिंध्यांचं हे काम, मी टाके घातलेल्या, सांग बरं, आश्चर्य नाही तर काय? मी पुष्कळ दिवस गोधडीला हात लावताना जरा जपूनच लावत होते.

मग तुझ्या भावाला हुरूप आला. सुट्टीच्या दिवशी त्यानं मागच्या भिंतीला दांडी ठोकून त्यावर गोधड्या लावल्या, दोन्ही बाजूंना एकेक. सुनेनं चांगल्या रंगाच्या निवडल्या. शेजारची पाहायला आली आणि म्हणाली, "मावशी, भिंतीला थंडी वाजती व्हय गं?" म्हटलं, "वाजत होती, आता न्हाई."

आणि दोन तलवारी कशा बसवल्या ते ऐक. नव्या यंत्राला पुढचे दोन छोटे स्पीकर होते, ते त्यानं छतावरून काढूनच टाकले, आणि त्यांच्या जागी आप्पांची दोन लाकडी खोकी जोडली. आता सिनेमा असला की सगळे मिळून वाजतात, घोडी पूर्वीपेक्षा जड पावलांनी येतात. आणि कॅसेट असली की रिमोटवर एक बटण. ते दाबलं की मागचे दोन गप्प, टीव्हीखालचा गप्प, वूफर गप्प. नुसती दोन खोकी. फिटरनं ते बटण आम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. पाचाचे पैसे दिल्यावर दोनच वाजवायची अक्कल कुणाला सुचेल? सोफा भिंतीकडं सरकला, आप्पांची खुर्ची आपल्या जागी आली.

पण मी हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही.

जुन्या ॲम्प्लिफायरला एक खरखर होती, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आम्हाला ती टेपमधलीच वाटायची. नव्या यंत्रात ती नाही. त्या सकाळी पहिल्यांदा सगळं जुळून टेप लागली. पहिला अभंग संपला. दुसरा सुरू व्हायच्या आधी जरा थांबतात, टाळकरी दोऱ्या ओढतात, कुणी खोकतं, ती जागा आम्हाला पाठ होती. सून दारात चहा घेऊन उभी होती. ती एकदम म्हणाली, "आत्या, कोण बोललं?"

"कोण न्हाई बाई, खोकला आहे तो."

"न्हाई. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. खोकला झाला. आणि मग मधल्या जागेतून, तोंड फिरवून बोलल्यासारखा, हळू, पण तुझ्या आबांचाच, दुसऱ्या कुणाचा नाही:

"पोरगी झोपली व्हय?"

आणि देवळाच्या मागच्या अंगानं, बायका बसतात तिथून, लांबून तुझ्या आईचा आवाज, "कवाच."

मग पखवाजावर थाप पडते आणि ते गायला लागतात.

इतक्या वर्षांत हजारदा ऐकलेली कॅसेट ती. आम्हाला कुणालाच ते ऐकू आलं नव्हतं. आप्पांना तर त्या वेळीही आलं नाही. ते म्हणाले, "काय म्हणला दादा? काय म्हणला?" मी सांगितलं. तेव्हा ते खुर्चीतून उठले, उजव्या खोक्यापुढं गुडघ्यावर बसले, आणि चांगला कान त्याला लावला. तुझ्या भावानं पुन्हा लावलं. आणि पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. "व्हय," म्हणाले. "झोपली का इचारतोय." सुनेच्या हातातला चहा कुणीच घेतला नाही.

मी तुला खरं सांगते, मी देवळं पुष्कळ पाहिली, पण त्या रिकाम्या जागेपुढं माझी मान जशी खाली गेली, तशी कुठं गेली नाही. दोन खोक्यांमधली एवढीशी जागा. टीव्ही बंद असला की त्यात आपलंच तोंड दिसतं.

आप्पांनी त्या दिवसापासून ती बाजू त्या प्रश्नाच्या पुढं लावलेली नाही. म्हणतात, "जिच्याबद्दल इचारलंय, तिनं ऐकू दे आधी." ओट्यावर बसतात खरे, पण रस्त्याकडं तोंड करून. फोन करू का म्हटलं तर म्हणतात, "नको, तिला सोसायचं न्हाई." म्हणून त्यांच्या नकळत हे लिहिलंय.

तर आता ये. शिरूरहून न्हावऱ्यावरून जाणारी गाडी घे, चौफुल्याला उतर, तिथून पाटसला गाड्याच गाड्या आहेत. रविवारी तुझ्या भावाला सुट्टी आहे, तो मोटारसायकल घेऊन चौकात उभा राहील. दहा मिनिटं बसलीस तरी चालेल, नाही सोसलं तर उठून माझ्यापाशी स्वयंपाकघरात ये, दोघी मिळून भाकरी करू. पण ये. ह्याच रविवारी ये.